चेहरा, टाच आणि आम्ल

ॲसिड म्हटले की आपल्याकडे आधी मोरीजवळची बाटली आठवते, नाहीतर ट्रॅक्टरची बॅटरी. तेच नाव मिरवणाऱ्या लहान लहान शिश्या आता पार्सलातून खेड्यापाड्यांतल्या घरांत येऊ लागल्या आहेत. लासूर स्टेशनहून छत्रपती संभाजीनगरला कॉलेजला जाणाऱ्या मुलींना ग्लायकॉलिक, सॅलिसिलिक ही नावे तोंडपाठ असतात. घरी आई विचारते, "अगं, तोंडाला ॲसिड लावतेस?" आईचा प्रश्न अगदी रास्त आहे. फक्त त्याचे उत्तर एका शब्दात देता येत नाही, म्हणून आजचे हे चार शब्द.

ही आम्ले आपल्याला तशी परकी नाहीत. दह्याला आंबटपणा येतो तो लॅक्टिक आम्लामुळे. स्वीडनच्या शेले नावाच्या रसायनज्ञाने १७८० साली ते आंबलेल्या दुधातून वेगळे काढले. उसाच्या रसात थोडे ग्लायकॉलिक असते, चिंचेत टार्टारिक. सॅलिसिलिकचे नाव विलो झाडाच्या लॅटिन नावावरून पडले आणि आपल्या ओढ्याकाठचा वाळुंज त्याच कुळातला. अर्थात शिशीतला माल कारखान्यात तयार होतो, तेव्हा उसाच्या चित्रावर फार भाळू नये. सरकारी दवाखान्यात गजकर्णावर मिळणारे व्हिटफील्डचे मलम ज्यांनी लावले असेल, त्यांनी सॅलिसिलिक आम्ल नकळत अंगाला लावलेलेच आहे.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. ही द्रव्ये आधी औषध म्हणून आली, प्रसाधन म्हणून मागाहून. जर्मनीतल्या उन्ना या त्वचावैद्याने १८८२ साली सॅलिसिलिकच्या साल सोलण्याच्या गुणाचे वर्णन केले. अमेरिकेत व्हॅन स्कॉट आणि यू या दोघांनी १९७४ साली ग्लायकॉलिक-लॅक्टिक वर्गातल्या आम्लांचा गुण प्रसिद्ध केला, तो माशाच्या खवल्यांसारखी कातडी होणाऱ्या रोगावर. म्हणजे मूळ काम जाड, खरखरीत कातडी नरम करण्याचे. गोऱ्या रंगाचा त्यात संबंध नव्हता, आणि आजही नाही.

हे काम होते कसे? लासूरच्या बाजारात कांदा पाहणाऱ्यांना सांगायला नकोच. वरचा सुटलेला, मळका पापुद्रा हाताने झटकला की कांदा कसा तांबूस, चकचकीत दिसतो. पण हौसेने आणखी दोन पापुद्रे काढा; तो कांदा चाळीत टिकत नाही. आपल्या कातडीवरही मृत पेशींचा असाच थर असतो. खालून नवे येते, वरचे गळते. या फेऱ्याला साधारण चार आठवडे लागतात. आम्ल त्या वरच्या पेशींना धरून ठेवणारे बंध सैल करते आणि सुटायला आलेले लवकर सुटते. प्रमाणात लावले तर चेहरा तजेलदार दिसतो. रोज सकाळ-संध्याकाळ चोपडले तर संरक्षणाचा पापुद्राच जातो, मग साधे पाणीही झोंबते.

आता निवड. तोंडावर मुरमे असतील, नाकावर काळे ठिपके असतील, त्वचा तेलकट असेल, तर सॅलिसिलिक बरे. ते तेलात मिसळते, म्हणून रंध्रात उतरते. अर्धा ते दोन टक्के पुष्कळ झाले. ॲस्पिरिनची ॲलर्जी असणाऱ्यांनी ते टाळावे आणि गरोदर बाईने डॉक्टरांना विचारल्यावाचून घेऊ नये. त्वचा कोरडी, नाजूक असेल तर लॅक्टिक, तेही पाच टक्क्यांच्या आसपासचे. ग्लायकॉलिकचा रेणू या मंडळींत सर्वांत लहान, त्यामुळे ते झटकन आत जाते आणि झोंबतेही जास्त. नवख्या माणसाने त्याच्यापासून सुरुवात करू नये, असे माझे मत आहे. नुसत्या टक्क्यावरही जाऊ नका. त्याच टक्क्याचे आम्ल पीएच कमी असेल तर तिखट, जास्त असेल तर मवाळ. अमेरिकेतल्या प्रसाधन तज्ज्ञांच्या मंडळाने १९९८ साली घरगुती वापरासाठी ग्लायकॉलिक-लॅक्टिकची मर्यादा घालून दिली ती अशी: दहा टक्क्यांपेक्षा जास्त नको, पीएच साडेतीनपेक्षा कमी नको, आणि उन्हापासून संरक्षण हवेच.

त्या शेवटच्या अटीतच आपली खरी अडचण आहे. या वर्गातली आम्ले लावली की कातडीला ऊन जास्त बाधते. थंड देशातली बाई ऑफिसात बसते, तिचे निभते. आपल्याकडे मार्च-एप्रिलमध्ये उन्हाळी कांदा काढायला दिवसभर वावरात वाकून बसायचे. तिथे सावली म्हणजे बांधावरची बाभूळ. आपल्या सावळ्या कातडीचा स्वभावही असा, की जळजळ झाली, लाली आली, तर ती ओसरताना काळा डाग ठेवून जाते, आणि तो डाग महिनोन्‌महिने हलत नाही. वांग घालवायला लावलेले आम्ल वांग वाढवून बसते ते असे. लावणे थांबवल्यावर उन्हाची ही जादा बाधा साधारण आठवड्याभरात ओसरते. म्हणून शेतात जायचे दिवस आले की आठवडाभर आधीच शिशी बंद करावी. ज्यांना ऊन टाळता येत नाही, सनस्क्रीनचा खर्च झेपत नाही, त्यांनी चेहऱ्यासाठी ती घेऊच नये. यात काही कमीपणा नाही. तीच रक्कम सनस्क्रीनवर घातली तर चेहऱ्याचे जास्त भले होईल. डोक्यावरून कपाळापर्यंत ओढलेला रुमाल तर फुकटचा आहे.

वापरायचेच असेल तर आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून दोन-तीन दिवस पाहावे. मग रात्री, तोंड धुऊन पूर्ण कोरडे झाल्यावर, पातळ थर. आठवड्यातून एकदाच, आणि सोसले तर दोनदा. वर साधे मॉइश्चरायझर. भुवया कोरल्या त्या रात्री नाही, स्क्रबने घासले त्या रात्री नाही. सकाळी एसपीएफ तीस किंवा अधिकचे सनस्क्रीन, आणि बाहेर असाल तर दोन तासांनी पुन्हा. महिनाभर तरी फळाची घाई करू नये.

कुणी म्हणेल, एवढा खटाटोप कशाला, घरचे लिंबू आहे की! नको. लिंबाचा रस या शिश्यांहून पुष्कळ तिखट असतो, आणि त्यातली काही द्रव्ये ऊन लागताच कातडीवर फोड आणतात. दही-बेसन त्यापेक्षा कितीतरी मवाळ. आणि जिच्यावर घटकांची यादीच नाही अशी डबी, मग ती ओळखीच्या पार्लरमधली का असेना, तोंडाजवळ आणू नये. अकोल्यातल्या एका कुटुंबातल्या तिघींना अशाच क्रीममधल्या पाऱ्याने मूत्रपिंडाचा विकार जडल्याची बातमी २०२३ च्या सुरुवातीला वृत्तपत्रांत आली होती. स्टेरॉइड मिसळलेली मलमे हा दुसरा धोका: आठ दिवसांत चेहरा उजळतो आणि पुढे वर्षभर लाल होऊन आग आग करतो.

खरे सांगायचे तर या आम्लांची खरी जागा आपल्याकडे चेहऱ्यापेक्षा टाच ही आहे. अनवाणी, मातीत राबणाऱ्या बाईच्या टाचेवरचे जाड कातडे वज्रीने कितीही घासा, पुन्हा येते, आणि भेगांतून रक्त निघते. तिथे ऊन लागत नाही, आणि थर जाड असल्याने आम्लाला करण्यासारखे काम असते. रात्री पाय कोमट पाण्यात दहा मिनिटे ठेवावेत, पुसावेत, आणि लॅक्टिक, सॅलिसिलिक किंवा युरिया असलेले टाचेचे मलम लावून सुती मोजे घालावेत. युरिया म्हणजे दुकानातल्या मलमातला. गोणीतला नव्हे, हे सांगून ठेवलेले बरे! भेग ओली असेल, रक्त येत असेल, तर आधी ती नुसत्या व्हॅसलीनने किंवा कोकमाच्या तेलाने मिटू द्यावी, आम्ल मागाहून. आणि घरात कुणाला मधुमेह असेल, पायाला बधिरपणा असेल, तर त्या पायाला यातले काहीही स्वतःच्या मनाने लावू नका. भाजलेले त्या पायाला कळत नाही. आधी तो पाय डॉक्टरांना दाखवा.