रबर मेलं होतं की बोल्ट ढिले होते?

(नभोवाणीवरील भाषणाचं संपादित शब्दांकन)

रेडिओवर बोलायची संधी मिळालीच आहे, तर सुरुवात एका आवाजापासून करतो. पूल टेबलाच्या चांगल्या कडेवर बॉल आपटला की 'टप्' असा भरीव आवाज येतो आणि बॉल ताठ मानेने माघारी फिरतो. आमच्या क्लबातल्या टेबलाच्या एका लांब कडेवर मात्र 'थड्' असा आवाज यायचा. ओल्या पोत्यावर बुक्की मारावी तसा. आणि बॉल तिथेच घुटमळायचा. या 'थड्'पायी मी क्लबाचे आणि स्वतःचे पैसे कसे घालवले, ते आज सांगणार आहे.

आमचा क्लब म्हणजे नाशिकमधल्या एका कारखान्याच्या वसाहतीतली बैठी इमारत. पत्त्यांची खोली, टेबल टेनिस, वर्तमानपत्रांचं स्टँड आणि मागच्या हॉलमध्ये हे पूलचं टेबल. १९९९ साली शहरातलं एक पूल पार्लर बंद पडलं, तेव्हा क्लबाने ते जुनंच विकत घेतलं. अमेरिकी बनावटीचं, आठ फुटी, आणि कापडाखाली स्लेटच्या दगडाची तीन तुकड्यांची पाटी. ती पाटी टेंपोतून उतरवताना वसाहतीतली निम्मी माणसं हाताशी लागली होती.

टेबल सांभाळायला एक मार्कर होता. गुण मांडायचे, चॉक पुरवायचा, कापड ब्रशने साफ करायचं ही त्याची कामं. वय साठीच्या आसपास. आम्ही सगळेच त्यांना मामा म्हणायचो. त्यांचा पगार टेबलाच्या भाड्यातूनच निघायचा. त्यामुळे टेबल विकायची गोष्ट निघाली, की मामा हातातला ब्रश उगाचच जोरजोरात फिरवायचे.

ज्यांनी पूल पाहिलेला नाही त्यांनी कॅरम डोळ्यांसमोर आणावा. कॅरमची फ्रेम लाकडी असते आणि स्ट्रायकर तिच्यावरून उलटून येतो. पूलच्या टेबलालाही लाकडी कड असते, तिला रेल म्हणतात. सहा पॉकेटं असल्यामुळे रेलचे तुकडेही सहा. प्रत्येक रेलच्या आतल्या अंगाला रबराची त्रिकोणी पट्टी चिकटवलेली असते, ती कुशन. त्यावर हिरवं कापड ताणून बसवतात. कुशनची जी धार बॉलला लागते तिला मामा 'नाक' म्हणायचे. मीही तेच म्हणेन.

हे रबर अमर नसतं. हवा, ऊन, उष्णता यांनी ते हळूहळू टणक होतं आणि शेवटी भेगाळतं. पावणेदोनशे-दोनशे वर्षांपूर्वी तर याहून गंमत होती. आधी कडांना लोकरी कापडाचे थर भरायचे. लंडनच्या जॉन थर्स्टन यांनी १८३५च्या सुमारास रबर आणलं, पण ते कच्चं रबर थंडीत दगडासारखं व्हायचं. खेळायच्या आधी कडा शेकायला लागायच्या म्हणे! गंधक घालून रबर पक्कं करायची युक्ती चार्ल्स गुडइयर यांना सापडली आणि १८४४ साली अमेरिकेत तिचं पेटंट झालं. तसं पक्कं केलेलं रबर कुशनला आल्यावर ही कटकट संपली. खेळ परका वाटत असेल, तर जाता जाता सांगतो, स्नूकरचा जन्म आपल्या जबलपूरच्या छावणीतला, १८७५चा. आणि १९५८ साली कलकत्त्यात बिलियर्ड्सचं हौशी जगज्जेतेपद मिळवणारे विल्सन जोन्स हे मूळचे पुण्याचे.

असो. गोष्ट २००६ सालची. कमिटीची बैठक बसली. सेक्रेटरी म्हणाले, टेबल म्हातारं झालं, भंगारात काढू आणि त्या जागी व्यायामाचं यंत्र आणू. मी एकतीस वर्षं कारखान्याच्या टूलरूममध्ये काढलेला माणूस. मला राहवलं नाही. मी म्हटलं, टेबल नाही म्हातारं झालं, रबर झालंय. नवं रबर आणू, मी स्वतः बसवतो. टाळ्या पडल्या. मागे उभे असलेले मामा एवढंच म्हणाले, "साहेब, रबराआधी बोल्ट बघा की. मी दोन वर्षं सांगतोय." मी मान हलवली आणि विसरून गेलो.

मोठ्या शहरातल्या एका खेळसाहित्याच्या दुकानात गेलो. दुकानदाराने त्रिकोणी पट्ट्यांचं भेंडोळं काढून दिलं. "सगळ्या टेबलांना चालतं," म्हणाला. माझ्या खिशात व्हर्नियर होता, श्रोतेहो. आयुष्यभर ज्याने मिलिमीटरचे शंभर भाग मोजले त्या माणसाने तो खिशातून बाहेरसुद्धा काढला नाही.

मग काम सुरू झालं. पाटीच्या खालून बोल्ट सोडून रेल उतरवल्या. रेलच्या पोटाशी कापडाला शेकडो स्टेपल असतात. ते पकडीने एकेक उपटायला दोन संध्याकाळी गेल्या. जुनं रबर पटाशीने खरवडून काढलं. मामा ते तुकडे गोळा करून कोपऱ्यात रचत होते. मला वाटलं, सवय असेल. नवं रबर लावताना मी आणखी एक शहाणपणा केला. पट्टी थोडी कमी पडत होती, म्हणून ती ताणून चिकटवली. ताणलेलं रबर कधी ना कधी आपल्या मूळ लांबीवर जायला बघतंच. महिनाभरात पॉकेटच्या तोंडाशी बोटभर फटी पडल्या.

पण तो महिना उजाडायच्या आधीच पितळ उघडं पडलं. उद्‌घाटनाच्या संध्याकाळी एका तरुण इंजिनिअरने जोरात ब्रेक मारला. बॉल कुशनवर गेला, कुशनवर चढला आणि टेबलावरून उडून थेट सेक्रेटरींच्या चहाच्या कपात. कप फुटला. हसले सगळे, पण दुसरा बॉल उडाला तेव्हा हसणं थांबलं.

रात्री सगळे गेल्यावर व्हर्नियर काढला. पाटीपासून कुशनच्या नाकापर्यंतची उंची भरली साडेतेहतीस मिलिमीटर. पूलच्या बॉलचा व्यास सव्वादोन इंच, म्हणजे सत्तावन्न मिलिमीटरला जराशी जास्त. नाकाची उंची बॉलच्या व्यासाच्या साडेत्रेसष्ट टक्के लागते, एखादा टक्का इकडे-तिकडे. म्हणजे छत्तीस मिलिमीटरच्या किंचित वर. माझं नाक जवळपास तीन मिलिमीटर खाली होतं. कागदावर तीन मिलिमीटर म्हणजे काहीच नाही. टेबलावर तेवढ्यात खेळ संपतो.

हे असं का होतं, ते समजून घेण्यासारखं आहे. पुढे घरंगळत जाणाऱ्या बॉलचा पुढचा पृष्ठभाग खालच्या दिशेने फिरत असतो. तो कुशनला घासला की कुशनला खाली ढकलतो आणि कुशन बॉलला वर ढकलतं. नाक बॉलच्या मध्यापेक्षा पुरेसं उंच असेल, तर ते बॉलला वरून थोडं दाबून धरतं आणि हा उचल खाणारा जोर मारला जातो. नाक खाली आलं की बॉल चढतो, उडतो. उलट नाक फार उंच झालं, तर बॉल पाटीत दाबला जातो, कापड घासतं आणि वेग मरतो. गणिताने पाहिलं, तर गोळ्याच्या व्यासाच्या सत्तर टक्के उंचीवर धक्का बसला की तो न घसरता घरंगळत निघतो. म्हणून नाक सत्तरलाच ठेवावं, असं कुणालाही वाटेल. पण तिथे बॉल पाटीत जास्तच दाबला जातो. म्हणून जरा खाली, साडेत्रेसष्ट. खेळाडूंच्या आणि कारागिरांच्या अनुभवातून आलेली ही तडजोड आहे आणि मला ती फार आवडते.

आता रबर तर नवं होतं, मग नाक खाली का? कारण कुशनचे आकार वेगवेगळे असतात. अमेरिकी पूल टेबलांवर सर्रास दिसतं ते के-६६, काही टेबलांना के-५५ लागतं, आणि जुन्या टेबलांचे आकार आणखी निराळे. रबर ज्या लाकडावर चिकटतं त्याचा उतार त्या-त्या आकाराला धरून कापलेला असतो. एकाचं लाकूड आणि दुसऱ्याचं रबर अशी सोयरीक केली की नाक भलतीकडेच जातं. माझ्या पट्टीचं नाक आखूडही होतं. आठ फुटी टेबलाचं खेळायचं अंगण नाकापासून नाकापर्यंत अठ्ठ्याऐंशी इंच लांब आणि चव्वेचाळीस रुंद, म्हणजे लांबी रुंदीच्या बरोबर दुप्पट. आमचं सगळीकडून फुगलं होतं. पॉकेटांची तोंडं वासली होती. रेलवरच्या ठिपक्यांवरून कोन धरणाऱ्यांचे सगळे हिशेब चुकू लागले होते.

दुसऱ्या दिवशी मामांना सगळं सांगितलं. ते काही बोलले नाहीत. कोपऱ्यातलं जुनं रबर घेऊन आले. प्रत्येक तुकड्यावर त्यांनी खडूने रेलचा नंबर टाकून ठेवला होता. एक तुकडा त्यांनी वाकवला. शिळी भाकरी मोडावी तसा तो मोडला. दुसराही मोडला. उरलेले चार मात्र वाकवले, सोडले की सरळ. हात लावला तर मऊ, जिवंत. सहापैकी चार कुशनं ठणठणीत होती आणि मी ती पटाशीने खरवडून काढली होती. "थड् वाजायची ती रेल ही," मामा एका जिवंत तुकड्यावरच्या नंबरावर बोट ठेवून म्हणाले. "तिचे मधले दोन बोल्ट हाताने फिरत होते, साहेब."

रेल पाटीला घट्ट नसेल, तर बॉलचा धक्का रबराऐवजी अख्खी रेल खाते. रबर कितीही ताजं असो, आवाज 'थड्'च येणार. पान्याचं पाच मिनिटांचं काम होतं ते. बैठकीत माझ्यासाठी टाळ्या वाजल्या होत्या, त्या मला त्या क्षणी आठवल्या.

मग पुन्हा सगळं. या वेळी खर्च माझा. मोडलेले तुकडे घेऊन गेलो आणि त्यांचा छेद कागदावर उतरवून त्याच आकाराचं रबर मागवलं. नाकाच्या वरच्या अंगाला कापडाचा थर असलेलं, म्हणजे उसळी सगळीकडे सारखी राहते. माझ्या पटाशीने दोन रेलचं लाकूड चिरलं होतं. वसाहतीतल्या सुतारमिस्त्रींनी तिथे सागाची पट्टी जोडून पूर्वीच्याच उताराने रंधली. मी टूलरूममधून लोखंडी पट्टीचा एक गेज करून आणला, छत्तीस पूर्णांक तीनचा. मामा तो पाटीवर सरकवत प्रत्येक रेलवर दर वीतभर अंतराला बघत गेले. जिथे प्रकाशाची फट दिसली तिथे रेल पुन्हा खाली उतरवली. मिस्त्री वैतागले. मामा वैतागले नाहीत.

चिकटवायचं सोल्यूशन लाकडाला आणि रबराला दोन्हीकडे लावायचं, बोटाला चिकटेनासं होईपर्यंत थांबायचं आणि मग दाबायचं. पट्टी न ताणता, उलट थोडी जास्तच ठेवून शेवटी कापायची. पॉकेटच्या तोंडाशी कडक रबराच्या चकत्या बसतात, त्या विसरायच्या नाहीत. कापड वरच्या खाचेत लाकडी चिपेने अडकवतात. ते एका रेलवर सैल आणि दुसऱ्यावर ताठ ओढलं गेलं, तर उसळीही दोन तऱ्हांची. ही ओढ मामांच्या हाताला बरोबर ठाऊक होती. मला आजही जमत नाही.

तुमच्या ओळखीत असं जुनं टेबल असेल, तर एवढं करा. पान्याने बोल्ट आवळा. मग बॉलने रेलभर टकटक करत आवाज ऐका. सहाही रेल एका सुरात बोलल्या, तर घरी जा आणि झोपा. एखादी बेसूर राहिली, तर तेवढीच उघडा. आणि जिमखान्यातलं जुनं बिलियर्ड्सचं मोठं टेबल असेल, तर पूलचं रबर त्याच्याजवळही नेऊ नका. त्याचा बॉल लहान, साडेबावन्न मिलिमीटरचा, आणि कुशनचा आकारही वेगळा.

टेबल तयार झाल्यावर परीक्षा घ्यायची होती. नियमावलीत तीही सांगितलेली आहे. एका टोकाच्या ठिपक्यावर बॉल ठेवून समोरच्या कुशनवर सरळ, जोरदार मारायचा. तो न उडता टेबलाच्या निदान चार ते साडेचार लांब्या फिरला पाहिजे. कमिटी जमली होती. सेक्रेटरींनी या वेळी चहाचा कप लांब, खिडकीत ठेवला होता. क्यू माझ्या हातात दिला गेला. मी तो मामांना दिला.

मामांनी चॉक लावला, वाकले आणि मारला. टप्. बॉल गेला, आला. टप्. पुन्हा गेला. तिसरी लांबी, चौथी. आम्ही सगळे मोठ्याने मोजत होतो. पाचव्या फेरीला बॉलचा दम संपत आला आणि टेबलाच्या मध्याच्या थोडा पुढे जाऊन तो थांबला. मामांनी तो उचलला, सदऱ्याला पुसला आणि भाड्याची वही काढून पहिलं नाव कोणाचं लिहू म्हणून विचारलं.