चालकाला जे दिसत नाही
(मंडळाच्या गणेशोत्सव पूर्वतयारीच्या सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)

मंडळाचे ज्येष्ठ सभासद, माता-भगिनींनो आणि मागच्या रांगेत मोबाईल उलटा ठेवून बसलेल्या युवक मित्रांनो,

पांडेसऱ्यात सध्या घरोघरी एक भांडण आहे. बाप मिलमधून बारा तासांची पाळी करून येतो आणि रात्री एक वाजता पोरगा कानाला हेडफोन लावून ‘गाडी घेऊन ये’ म्हणून ओरडत असतो. बंदीचा उपाय करून झाला. मार्च २०१९ मध्ये राजकोट पोलिसांनी पबजी खेळणाऱ्या विद्यार्थ्यांना अटकही केली होती. २ सप्टेंबर २०२० रोजी केंद्र सरकारने पबजी बंद केला. २०२१ मध्ये जवळपास तोच खेळ बीजीएमआय नावाने परत आला.

झोप बुडते, अभ्यास बुडतो, याबद्दल आमचा वाद नाही. पण पोरं त्यात नेमकं करतात काय, हे आपण विचारतच नाही. आम्ही त्यांच्या शेजारी बसून पाहिलं. चार जणांचा स्क्वॉड असतो. एक खान्देशी, एक ओडिया, एक बिहारी, असाही. गाडी चालवणाऱ्याला त्या वेळी बंदूक चालवता येत नाही. बाकीचे तिघे दिशा वाटून घेतात आणि बोलत राहतात. मोकळ्या मैदानात अडकले तर गाडी आडवी लावून तिच्या आडोशाला बसतात. धूर निघू लागला की सोडून पळतात.

बीजीएमआय हा शेवटी पळापळीचा खेळ. खऱ्या लष्करी धाटणीचा म्हणजे संगणकावरचा ‘आर्मा’. चेक देशातल्या कंपनीचा. त्यात रणगाड्यात तिघे बसतात: चालक, तोफ चालवणारा आणि कमांडर. चालकाला फटीतून समोरचं तेवढं दिसतं, तोफवाल्याला दुर्बिणीतलं. आजूबाजूचं कमांडर पाहतो आणि सांगतो. उंचवट्यामागे रणगाडा असा थांबवायचा की फक्त वरचा बुरूज दिसावा. ताफ्यात गाड्यांमध्ये अंतर ठेवायचं, म्हणजे एका स्फोटात दोन जात नाहीत. बाजूने पायदळ चालवायचं, कारण जवळचा शत्रू रणगाड्याला दिसत नाही. तिघांपैकी एक जण गप्प बसला की रणगाडा गेलाच.

हे खेळातलं झालं. प्रत्यक्षात काय होतं ते रामा राघोबा राणे यांनी दाखवलं. कारवारजवळच्या चेंडियाचे, बॉम्बे सॅपर्समधले अधिकारी. एप्रिल १९४८ मध्ये नौशेराहून राजौरीकडे जाणाऱ्या रस्त्यात सुरुंग पेरलेले, झाडं आडवी पाडलेली, वरून गोळीबार. मांडीला जखम झालेली असताना राणे पुढच्या रणगाड्याखाली शिरले आणि त्याच्याबरोबर सरपटत, दोरीने चालकाला इशारे देत, त्यांनी तो सुरुंगांमधून काढला. १२ एप्रिलला सैन्य राजौरीत पोहोचलं. राण्यांना परमवीरचक्र मिळालं. त्या चालकाचं नाव मात्र कुणी सांगत नाही. खाली कोण आहे हे दिसत नसताना दोरीच्या हिसक्यावर गाडी पुढे घेणारा तोही माणूसच होता.

आता आपल्या विसर्जनाच्या टेम्पोकडे या. मूर्ती आणि सजावटीमुळे चालकाला मागचं काही दिसत नाही. वर विजेच्या तारा, खाली गल्लीतली गर्दी, आणि ढोलताशात हाक ऐकू येत नाही. दरवर्षी वीस जण एकदम ओरडतात, ‘घ्या, घ्या’ आणि ‘थांबा, थांबा’. चालक कुणाचं ऐकणार?

तेव्हा आमची सूचना अशी. यंदा टेम्पोची जबाबदारी एकत्र खेळणाऱ्या पोरांच्या एका स्क्वॉडकडे द्यावी. एक जण पुढे झेंडी घेऊन, आणि चालकाने फक्त त्याच्याकडेच पाहायचं. एक मागे, शिट्टीसह. एक तारांवर नजर ठेवून, सुक्या बांबूसह. वीज बंद केल्याशिवाय त्याने तारेला हात लावायचा नाही. चौथा चाकांपाशी, लहान मुलं दूर ठेवायला. दोन टेम्पो असतील तर मध्ये मोकळी जागा, तिथे कुणी नाचणार नाही. ज्येष्ठांनी त्या दिवशी हुकूम देऊ नयेत. दिलेच तर झेंडीवाल्याला द्यावेत.

नावं या शनिवारपर्यंत मंडळाच्या कार्यालयात द्या. रविवारी सकाळी रिकामा टेम्पो गल्लीतून फिरवून सराव करू. सकाळी म्हणजे सात वाजता, त्यामुळे आदल्या रात्री खेळ लवकर आटपा.