'ढ' म्हणण्यापूर्वी

(समाजाच्या वार्षिक गुणगौरव समारंभात केलेले भाषण)



मंडळाने आज आम्हांस चार शब्द बोलण्याची आज्ञा केली, हा आम्ही आमचा बहुमान समजतो. आमचे स्वतःचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. त्यावर शिक्षकाचे प्रशिक्षण झाले, आणि पुढची सर्व विद्या सातारा व सांगली ह्या जिल्ह्यांतील प्राथमिक शाळांत मुलांनीच आम्हांस शिकविली. तेव्हा शैक्षणिक मानसशास्त्रावर अधिकारवाणीने बोलण्याचा आमचा मुळीच दावा नाही. परंतु ह्या शास्त्रातील चारपाच गोष्टी आम्हांस वेळीच उमगल्या असत्या, तर आमच्या हातून एक मोठी चूक घडली नसती. ती चूक आपल्यापुढे मांडावी आणि तिच्या निमित्ताने त्या गोष्टी सांगाव्या, एवढाच आजचा हेतू आहे.

१९४९ साली दक्षिण सातारा हा जिल्हा निराळा झाला आणि १९६० साली त्यास सांगली हे नाव मिळाले. म्हणजे हे दोन्ही जिल्हे एकमेकांची भावंडेच होत. परंतु येथील शाळांत बसणारी मुले पाहू गेल्यास केवढी विविधता दिसते! जावळीच्या डोंगरातील मूल, कृष्णाकाठच्या बागाईतदाराचे मूल, माण-आटपाडीच्या माळावरील मेंढपाळाचे मूल, जत तालुक्यातील कानडी बोलणाऱ्या घरातील मूल, आणि ऊसतोडीच्या हंगामात आईबापांबरोबर कोपीत राहावयास आलेले मूल. ह्या सर्वांच्या हाती पुस्तक मात्र एकच, आणि परीक्षाही एकच.

सुमारे चाळीस वर्षांपूर्वीची गोष्ट. जत तालुक्यात, कर्नाटकाच्या सीमेलगतच्या एका खेड्यात, द्विशिक्षकी शाळेत आम्ही नुकतेच रुजू झालो होतो. तिसरीच्या वर्गात मेंढपाळाचा एक मुलगा होता. घरची भाषा कानडी. गावात शाळा मराठी. प्रश्न विचारला की तो जमिनीकडे पाहत राही. वाचन नाही, पाढे नाहीत, तोंडातून शब्द नाही. सहा महिन्यांत आम्ही त्याच्यावर 'ढ' असा शिक्का मारून मोकळे झालो. एवढ्यावरच न थांबता, पालकसभेत त्याच्या वडिलांस चारचौघांदेखत सांगितले की, ह्या मुलाला डोके नाही.

पुढे एके दिवशी आम्ही आठवडे बाजारास गेलो असता काय पाहिले? त्याचे वडील माडग्याळी मेंढ्यांचा सौदा करीत होते, आणि तोच मुलगा शेजारी उभा राहून, बोटांची पेरे मोजून, त्यांस कानडीत आकडे सांगत होता. पाच मेंढ्यांची किंमत, तीतून विसार वजा, उरले किती, हे त्याने तोंडी सांगितले. व्यापाऱ्याने वीस रुपये कमी मोजले, तेही त्यानेच धरले. आम्ही जागच्या जागी ओशाळलो. सोमवारी वर्गात पाच पेन्सिली त्याच्यापुढे ठेवून आम्ही मोडक्या कानडीत 'एष्टु?' एवढेच विचारले. इतके महिने मिटलेले ते तोंड उघडले आणि मुलगा हसला.

परंतु तो त्यानंतर आठवडाभरच शाळेत आला. आम्ही घरी गेलो, तेव्हा त्याचे वडील म्हणाले, "गुर्जी, पोराला डोस्कं न्हाई असं तुमीच बोललासा न्हवं? मग मेंढरामागंच बरा की." ह्यावर आमच्यापाशी उत्तर नव्हते. आजही नाही. मुलगा पुन्हा शाळेत आला नाही.

ह्या प्रसंगानंतर आम्ही मिळतील ती पुस्तके वाचू लागलो, आणि आमचे कोठे चुकले ते हळूहळू कळू लागले.

पहिली गोष्ट पूर्वज्ञानाची. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ डेव्हिड ऑसुबेल ह्यांनी १९६८ साली आपल्या ग्रंथात असे प्रतिपादन केले की, शिकणाऱ्यास आधीपासून काय येते, ह्यावर त्याचे पुढील शिकणे सर्वांत अधिक अवलंबून असते. ते आधी शोधावे आणि मग त्यास अनुसरून शिकवावे. त्या मुलास बेरीज-वजाबाकी येत होती, मराठी येत नव्हती. आम्ही त्याच्या भाषेची उणीव त्याच्या बुद्धीच्या खाती मांडली. वस्तुतः आपल्याच भागात ह्याचा विचार फार पूर्वी झाला होता. फ्रान्समधील आल्फ्रेड बिने ह्यांची बुद्धिमापनाची कसोटी डॉ. व्ही. व्ही. कामत ह्यांनी येथील मुलांसाठी कन्नड व मराठी अशा दोन्ही भाषांत बसविली, आणि त्याविषयीचा त्यांचा ग्रंथ १९४० साली प्रसिद्ध झाला. मुलाची बुद्धी जोखावयाची तर त्याच्याच भाषेत जोखली पाहिजे, हे त्यांस ठाऊक होते. आम्हांस मात्र ते बाजारात कळले.

ह्या बिने ह्यांच्याविषयीही एक गैरसमज आहे. त्यांनी सिमॉन ह्या सहकाऱ्यासह १९०५ साली जी कसोटी तयार केली, तिचा उद्देश वर्गात मागे पडणारी मुले ओळखून त्यांस निराळे साहाय्य द्यावे, हा होता. बुद्धी ही जन्मतः ठरलेली व कधीही न वाढणारी चीज आहे, ह्या मतास त्यांचा स्पष्ट विरोध होता. पुढे जगाने त्यांचे माप उचलले आणि त्यामागील कळकळ विसरून टाकली.

दुसरी गोष्ट वयाची. स्वित्झर्लंडचे जाँ पियाजे ह्यांनी लहान मुलांचे वर्षानुवर्षे निरीक्षण केले. त्यांचा एक प्रयोग आपणही घरी करून पाहावा. दोन सारख्या फुलपात्रांत सारखेच पाणी घ्या, आणि मुलादेखत एकातील पाणी उंच, निमुळत्या पेल्यात ओता. पाच वर्षांचे मूल बहुधा सांगेल की, पेल्यात पाणी अधिक आहे. सातआठ वर्षांचे झाल्यावर तेच मूल ह्या प्रश्नास हसेल. मधल्या काळात त्यास कोणी मारून शिकविलेले नसते. त्याची विचारशक्ती परिपक्व झालेली असते. तेव्हा शेजारच्या मुलास जे आज येते ते आपल्या मुलास आजच आले पाहिजे, हा आग्रह व्यर्थ होय.

मग मूल पिकण्याची वाट पाहत स्वस्थ बसावयाचे काय? नाही. येथे तिसरी गोष्ट येते. रशियातील लेव्ह व्हिगोट्स्की हे १९३४ साली अवघ्या सदतिसाव्या वर्षी निवर्तले. परंतु त्यांनी शिक्षकास एक मोलाची दृष्टी दिली. मुलास एकट्याने काय करता येते आणि थोड्या आधाराने काय करता येते, ह्या दोहोंमध्ये एक पट्टा असतो. शिकविण्याची खरी जागा तो पट्टा होय. जे एकट्यास येते ते पुन्हा शिकविणे वाया जाते, आणि जे आधार देऊनही जमत नाही ते लादल्यास मूल खचते. विहिरीत पोहावयास शिकविणारा बाप पाठीला सुकडीचा भोपळा बांधतो, पुढे तो काढून घेतो. भोपळा केव्हा बांधावा आणि केव्हा सोडावा, हे कळणे म्हणजेच शिकविणे.

चौथी गोष्ट स्मरणाची. जर्मनीतील एबिंगहाउस ह्यांनी १८८५ साली स्वतःवर केलेले प्रयोग प्रसिद्ध केले. पाठ केलेले बरेचसे प्रथमच्या काही तासांत विसरते, आणि एकाच बैठकीत पुष्कळ घोकण्यापेक्षा दिवस मध्ये टाकून केलेली उजळणी अधिक टिकते, असे त्यांस आढळले. आपल्या वडीलधाऱ्यांनी एबिंगहाउसचे नाव ऐकले नव्हते, परंतु दिवेलागणीस परवचा म्हणवून घेण्याचा त्यांचा परिपाठ ह्याच तत्त्वावर चाललेला होता. परीक्षेच्या आदल्या रात्री मुलास जागविणाऱ्या पालकांनी ह्याचा अवश्य विचार करावा.

पाचवी गोष्ट आम्हांस सर्वांत अधिक बोचते. अमेरिकेत रोझेन्थाल आणि जेकबसन ह्या दोघांनी एका प्राथमिक शाळेतील शिक्षकांस काही मुलांची नावे देऊन सांगितले की, ही मुले ह्या वर्षी विशेष प्रगती करतील. ती नावे प्रत्यक्षात चिठ्ठ्या टाकाव्यात तशी निवडलेली होती. वर्षअखेरीस, विशेषतः पहिली-दुसरीच्या वर्गांत, त्या मुलांची प्रगती इतरांहून अधिक दिसली. हे १९६८ साली प्रसिद्ध झाले. ह्या निष्कर्षांवर पुढे पुष्कळ वाद झाला, आणि परिणाम वाटला तेवढा मोठा नसतो असेही दिसून आले. तथापि शिक्षकाची अपेक्षा मुलापर्यंत त्याच्या नजरेतून, आवाजातून पोहोचते, एवढे आमच्या अनुभवासही पटते. आमची अपेक्षा तर नजरेतून नव्हे, भर सभेतून पोहोचली होती.

मंडळी, साताऱ्याच्या मातीस हे शिकविण्यास परदेशी पंडितच हवे होते असे नाही. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी शाळेत भिवा रामजी आंबेडकर ह्या मुलाचे नाव दाखल झाले. त्या काळी त्यांस घरून नेलेल्या गोणपाटावर इतरांपासून वेगळे बसावे लागे. बसावयाच्या जागेवरून मुलाची योग्यता ठरविणारे किती चुकले, हे सांगावयास नको. पुढे १९१९ साली कर्मवीर भाऊराव पाटील ह्यांनी कऱ्हाड तालुक्यातील काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापिली, आणि १९२४ साली साताऱ्यास वसतिगृह काढून सर्व जातींच्या मुलांस एका पंक्तीस बसविले. पोरांच्या पोटासाठी लक्ष्मीबाईंनी आपले मंगळसूत्रही दिले. भाऊराव स्वतः मॅट्रिक झालेले नव्हते. पण १९५९ साली पुणे विद्यापीठाने त्यांस डी.लिट्. देऊन गौरविले. परीक्षेत न मावणारी बुद्धी कशी असते, ह्याचे आणखी कोणते उदाहरण हवे?

आज कायदाही मुलाच्या बाजूस उभा आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने शाळेत मुलास मारण्यास आणि त्याचा मानसिक छळ करण्यास बंदी केली. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने अध्ययन-अक्षमताही मान्य केली. म्हणजे बुद्धी चांगली असूनही ज्यास अक्षरे किंवा आकडे जुळविणे कठीण जाते, असे मूल आळशी नसून साहाय्यास पात्र ठरते. परंतु कायदा शाळेच्या दारापर्यंत येतो. घरातल्या ओट्यावर आपण मुलास काय म्हणतो, हे आपल्याच हाती आहे.

'ढ' हे अक्षर ब्राह्मी लिपीपासून आजतागायत फारसे बदललेले नाही, म्हणून न सुधारणाऱ्या मुलास 'ढ' म्हणतात, अशी उपपत्ती सांगतात. अक्षर बदलले नसेल. मूल मात्र रोज बदलत असते. ते पाहण्यास आपली दृष्टी हवी.

आता मंडळास एक नम्र विनंती. आज आपण उत्तम गुण मिळविणाऱ्यांचा सत्कार केला, तो यथायोग्यच आहे. परंतु ह्या यादीच्या मागे एक दुसरी, न छापलेली यादी आहे. नापास झालेली, शाळा सोडलेली, सत्कारास येण्याची लाज वाटून आज घरीच राहिलेली मुले तीत आहेत. पुढील वर्षापासून मंडळाने तीही नावे गोळा करावीत. ती सभेत वाचून दाखविण्यासाठी नव्हे, तर त्या मुलांच्या घरी जाण्यासाठी. समाजातील सेवानिवृत्त शिक्षकांनी दोनदोन मुले वाटून घ्यावीत आणि प्रथम एवढेच विचारावे की, बाळ, तुला काय येते? आम्ही स्वतः दर रविवारी सकाळी मंडळाच्या कार्यालयात बसण्यास तयार आहोत. तेथे येणारे मूल आपल्याच ज्ञातीचे असावे, अशी अट मात्र आम्ही घालणार नाही. जतचा तो मुलगाही आपल्या ज्ञातीचा नव्हता. पण त्याचे ऋण आमच्या माथी आहे, आणि ते फेडावयाचे तर दुसऱ्या कोणा मुलाजवळच फेडावे लागेल.