दुर्गाने आगगाडी पाहिली का?

'पथेर पांचाली'वर बोलायचं तर सुरुवात एका प्रश्नाने करतो. दुर्गाने आगगाडी पाहिली का? सिनेमा पाहिलेले म्हणतील, हा काय प्रश्न झाला! काशगवताचे पांढरे तुरे, तारेच्या खांबाला कान लावून उभी असलेली भावंडं, लांबून येणारी धुराची रेघ, सगळं डोळ्यांसमोर आहे.

आता बिभूतिभूषण बंदोपाध्यायांची १९२९ सालची कादंबरी उघडा. तिथे हरवलेलं वासरू शोधायला निघालेले दुर्गा आणि अपू रुळांच्या ओढीने धावत सुटतात, पाणथळीत वाट चुकतात आणि हात हलवत घरी येतात. पुढे वडिलांबरोबर जाताना अपूला रूळ दिसतात, पण गाडीला अवकाश असतो आणि हरिहर थांबायला तयार नसतो. तापाने पडलेली दुर्गा भावाला विचारते, बरी झाले की आगगाडी दाखवशील ना? ती बरी होत नाही. गाव सोडताना अपू गाडीत बसतो, तेव्हा त्याचं मन मागे राहिलेल्या ताईपाशी असतं.

म्हणजे बिभूतिबाबूंनी जे तिला दिलं नाही, ते १९५५मध्ये सत्यजित राय यांनी दिलं. पडद्याला देखावा लागतो म्हणून दिलं, असं म्हणतात. मला ते पटत नाही. तो प्रसंग पुन्हा पाहा. धावता धावता दुर्गा पडते, मागे राहते. रुळांपाशी पोहोचतो तो अपू. आणि गाडी धडधडत जाते तेव्हा कॅमेरा रुळांच्या पलीकडे असतो. आपल्या आणि अपूच्या मध्ये फक्त चाकं. दुर्गाच्या वाट्याला किती गाडी आली, ते तुम्हीच ठरवा.

त्याहून मोठी उलथापालथ म्हाताऱ्या इंदिर ठाकरुणची. कादंबरीत ती सुरुवातीलाच जाते. दुर्गा लहान, अपू तान्हा. एक जुना काळ मिटला, एवढाच त्याचा अर्थ. राय तिला जगवतात. चुनीबाला देवींनी ऐंशीच्या घरात केलेलं ते काम पाहिल्यावर तिला लवकर मारायची कुणाची छाती होईल? पण मग राय तिचं मरण नेऊन ठेवतात कुठे, तर आगगाडी पाहून परतणाऱ्या पोरांच्या वाटेवर, बांबूच्या बनात. दुर्गा हलवते, म्हातारी कलंडते, लोटा घरंगळत पाण्यात जातो. कादंबरीत वर्षांचं अंतर असलेल्या दोन गोष्टी एका दिवसात शेजारी येऊन बसल्या. कादंबरी कापून सिनेमा केला, असं आपण सहज म्हणतो. इथे कापण्यापेक्षा जोडलंय जास्त.

दुर्गाच्या आईचा, सर्वजयेचा आक्रोशही तसाच. कादंबरीत ती दुर्गा गेल्याचं हरिहरला शब्दांत सांगते. पडद्यावर तिचं तोंड उघडतं आणि ऐकू येते ती तारशहनाई. राग पटदीप. आपल्याकडे मैफलीत पटदीप ऐकताना माझ्या अंगावर अजून काटा येतो. गाणाऱ्याचा त्यात काही दोष नसतो.

सिनेमाच्या हातून सुटलेलंही आहे. कादंबरीतला अपू महाभारतातल्या कर्णासाठी झुरतो. रथाचं चाक रुतलेल्या माणसावर बाण सोडला, हे त्याला सोसत नाही. 'मृत्युंजय' वाचून वाढलेल्या आपल्या पिढीला हा अपू किती जवळचा वाटला असता! पण हे झुरणं चालतं ते एकट्याच्या मनात, दूरच्या झाडांकडे पाहत. तिथे कॅमेरा कुठे लावणार?

आता चोरीचा माल. कादंबरीत गाव सोडायच्या वेळी अपूला सोन्याचा करंडा सापडतो. ज्याच्या चोरीचा ताईवर आळ आला होता तोच. तो बांबूच्या जाळीत भिरकावून देतो. कुणाला कळायला नको. सिनेमात करंड्याऐवजी माळ आहे आणि जाळीऐवजी तळं. माळ पडते, शेवाळ फाटतं, क्षणभर काळं पाणी दिसतं. मग शेवाळ कडेकडेने सरकत येतं आणि पाणी झाकून टाकतं. तोवर अपू जागचा हलत नाही.