स्वतःसाठी अर्धा तास



कोकणात आपल्या वाडवडिलांना लोक शनवार तेली म्हणत. शनिवारी घाणा बंद म्हणजे बंद! आपल्या आजीबाईंना मात्र उरलेले सहाही दिवस उसंत नाही. नातवंडे, स्वयंपाक, दवाखान्याच्या फेऱ्या. आम्ही निवृत्त नर्सबाया सांगतो, रोज अर्धा तास स्वतःसाठी काढा. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली ६५ वर्षांपुढील मंडळींना आठवड्याला निदान १५० मिनिटे भरभर चालण्यासारखा व्यायाम सांगितला. शिवाय ३ दिवस ताकदीचा नि तोल सांभाळण्याचा. हा तोल फार महत्त्वाचा. पडून खुबा मोडला की पुष्कळांचे पहिल्यासारखे हिंडणेफिरणे परत येत नाही. ओट्याला धरून एका पायावर दहा आकडे मोजा, मग दुसऱ्यावर. सुनेने हाक मारलीच तर म्हणावे, "थांब गं, आमचे आकडे व्हायचेत."