घरावरचे ऊन आणि घरातला निर्णय
(वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



आपल्या वऱ्हाडास ऊन कोणाकडून उसने आणावे लागत नाही. अमरावती-अकोल्यास वैशाखात पारा 45 अंशांपर्यंत व कधी त्याच्याही वर चढतो, कूलर रात्रंदिवस फिरतो आणि त्या महिन्याचे विजेचे बिल हाती पडताच गृहस्थाच्या कपाळास पुन्हा घाम फुटतो. हेच ऊन छपरावर वीज होऊन घरात उतरू शकते, हे आता बहुतेकांस ठाऊक आहे. तरीही एकाच आळीतील सारख्या मिळकतीच्या दोन घरांपैकी एक घर सौर पॅनेल बसविते आणि दुसरे बसवीत नाही. असे का व्हावे, याचाच विचार आज आम्हांस आपल्यापुढे मांडावयाचा आहे.

प्रथम पैशाचा हिशोब पाहू. केंद्र सरकारने 13 फेब्रुवारी 2024 रोजी पीएम सूर्यघर मोफत वीज योजना सुरू केली. तीत 1 किलोवॅटास 30,000, 2 किलोवॅटांस 60,000 आणि 3 किलोवॅट वा अधिकास 78,000 रुपये अनुदान ठरले. एका किलोवॅटास सुमारे 100 चौरस फूट जागा लागते व त्यातून दिवसास सरासरी 4 युनिट वीज मिळते. दिवसा उरलेली वीज नेट मीटरमधून महावितरणच्या तारांत जाते आणि बिलातून वजा होते. आपल्या राज्यात घरगुती विजेचा दर 100, 300 व 500 युनिटांच्या टप्प्यांनी चढत जातो. सौर वीज प्रथम वाचविते ती वरच्या, महागड्या टप्प्यातील युनिटे. म्हणून ज्याचे बिल मोठे, त्याचे भांडवल लवकर फिटते. ज्या घराचे 100 युनिटांच्या आत भागते, त्याने घाई करण्याचे कारण नाही.

परंतु घर केवळ हिशोबावर चालत नसते. गच्ची ही गृहिणीची वाळवणाची जागा. कुरडया, पापड, सांडगे कोठे घालावेत, हा तिचा प्रश्न रास्तच आहे. उन्हाळ्यात अंथरुणेही तेथेच पडतात. सांगाडा पुरेसा उंच उभारला की खालची जागा मोकळी राहते. मात्र हे तिला विचारून, आधीच ठरवावे. दुसरी अडचण नावाची. कित्येक घरी वीजजोडणी अद्याप दिवंगत आजोबांच्या नावे आहे आणि गच्ची चार भावांची सामायिक आहे. अर्ज करावयाचा तो बिलावरील नावाने. तेव्हा नावात बदल व भावांची लेखी संमती ही कामे अगोदर उरकावीत. तिसरी अडचण वयाची. मुले पुण्यास, घरी दोघेच वृद्ध. आपल्या हयातीत पैसे फिटतील काय, ही शंका त्यांच्या मनात येते. तेथे मुलांनी निर्णयात व खर्चात वाटा उचलावा, कारण घर पुढे त्यांचेच आहे.

एवढे जुळूनही मनुष्य थांबतो, तो विश्वासासाठी. ही गोष्ट केवळ आपल्याकडचीच नव्हे. अमेरिकेतील कॅलिफोर्नियात बोलिंजर व गिलिंगहॅम या अभ्यासकांनी 2012 साली दाखवून दिले की, वस्तीत एका घरावर पॅनेल दिसले की शेजारच्या घरी ते बसण्याचा संभव वाढतो. आपल्या राज्यात सातारा जिल्ह्यातील पाटण तालुक्यातले मान्याचीवाडी हे छोटे गाव 2024 साली पहिले सौरग्राम ठरले. ग्रामस्वच्छतेत आधीच नाव मिळविलेल्या त्या गावास एकत्र निर्णय घेण्याची सवय होती. जाहिरातीपेक्षा शेजाऱ्याचा शब्द अधिक वजनदार ठरतो, तो असा.

म्हणूनच हा शब्द खरा असला पाहिजे. ज्यांनी पॅनेल बसविली आहेत त्यांनी गुणांबरोबर उणिवाही सांगाव्यात. बिल अगदी शून्य होत नाही; स्थिर आकार भरावाच लागतो. बॅटरी नसलेली यंत्रणा भारनियमनाच्या वेळी आपोआप बंद होते. तारेवर काम करणाऱ्या माणसाच्या जिवाचे रक्षण व्हावे, हा त्यातील हेतू. ऊन फार तापले की पॅनेलची शक्ती थोडी घटते आणि धूळ साचली की आणखी घटते. म्हणून सकाळी ती पाण्याने धुवावी लागतात. योजनेखाली पुरवठादाराने पाच वर्षे देखभाल करावयाची असते. ती खरोखर होते किंवा नाही, हेही सांगावे.

आमची सूचना एवढीच आहे. ज्या कुटुंबांनी हे काम केले आहे त्यांनी आपली बारा महिन्यांची बिले, आधीची व नंतरची, पुढील संमेलनात सर्वांपुढे ठेवावीत. विवाहाच्या स्थळाची चौकशी आपण दहा ठिकाणी करतो. मग दीड-दोन लाखांच्या खर्चाची चौकशी आपसांत का न करावी? जो पुढे गेला त्याने मागच्यास वाट दाखवावी, ज्ञातिसंस्थेचे प्रयोजन तरी याहून निराळे काय?