अर्ज दिलात, पण पोच घेतलीत का?



तुमच्यापैकी बऱ्याच जणी मला बचत गटाची ताई म्हणून ओळखतात. महिन्याच्या मीटिंगला येते, वह्या तपासते, बँकेत सोबत येते, एवढंच माझं काम तुम्ही पाहिलंय. पण त्याआधी तीन वर्षांहून जास्त मी ग्रामपंचायतीत कॉम्प्युटरवर बसायचे. आज त्या खुर्चीबद्दल बोलणार आहे. त्यात माझी एक चूक आहे. ती मी आजवर कुठल्याही मीटिंगमध्ये सांगितलेली नाही. ज्या मावशींची ही गोष्ट आहे, त्यांना विचारूनच आज सांगतेय.

२०१२ सालची गोष्ट. बी.ए. झालं, लग्न झालं आणि सासरच्या गावात संग्राम योजनेतून संगणक परिचालकाची जागा निघाली. कॉम्प्युटरचा कोर्स केलेली गावात मी एकटीच सून. सासरे म्हणाले, "घरापासून दोनशे पावलांवर आहे, जाऊ दे तिला." लोकांना वाटलं सरकारी नोकरी लागली. आम्ही पेढेसुद्धा वाटले! खरं तर नेमणूक कंपनीमार्फत, पगार नाही तर मानधन, आणि तेही कधी कधी चार-चार महिने यायचं नाही. ऑफिसात बाईमाणसासाठी संडास नव्हता, मग दुपारी घरी पळायचं. आज हसत सांगते, तेव्हा हसू यायचं नाही.

ग्रामपंचायत म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे सरपंच येतात, नाहीतर भाऊसाहेब, म्हणजे ग्रामसेवक. पण भाऊसाहेबांकडे दोन गावं. दोन दिवस इकडे, दोन दिवस तिकडे, एक दिवस पंचायत समितीत मीटिंग. सरपंच मॅडम महिला राखीव जागेवर निवडून आलेल्या. सहीसाठी रजिस्टर त्यांचा मुलगा घरी न्यायचा. राज्यात २०११ पासून निम्म्या जागा बायकांना आहेत, पण आमच्या गावात बाई खुर्चीवर आली तरी रजिस्टर काही तिच्यापुढे आलं नव्हतं. मग रोज सकाळी कुलूप उघडायला शिपाई अप्पा आणि आत बसायला मी. दाखला मागायला आलेल्या माणसाला ग्रामपंचायत म्हणजे आम्ही दोघंच.

माझ्याकडे सही नव्हती, अधिकार नव्हता. पण आलेला अर्ज आज भाऊसाहेबांच्या पुढ्यात ठेवायचा की ड्रॉवरमध्ये राहू द्यायचा, हे माझ्या हातात होतं. ते मला फार उशिरा कळलं.

ग्रामपंचायतीचं दप्तर नमुन्यांमध्ये चालतं, १ पासून ३३ पर्यंत. सगळे काही तुम्हाला पाठ करायचे नाहीत. पण नमुना ८ तेवढा लक्षात ठेवा. ती कर आकारणीची वही. गावातलं प्रत्येक घर, त्याची लांबी-रुंदी, माती-विटांचं की आरसीसी, मालक कोण, भोगवटादार कोण, घरपट्टी किती, सगळं तिच्यात. घर तुमचंच आहे याचा हा पक्का मालकी पुरावा नव्हे, हेही सांगून ठेवते. पण घरकुल म्हणा, कर्ज म्हणा, वीज मीटर म्हणा, गावठाणातल्या घरासाठी पहिल्यांदा हाच उतारा मागतात.

माझं पहिलं मोठं काम म्हणजे ही जुनी वही संगणकावर चढवणं. पाचशेच्या वर घरं. शाई उडालेली, कोपरे उंदरांनी खाल्लेले. अप्पा मोठ्यानं वाचायचे, मी टाइप करायची. मालकाच्या रकान्यात बायकांची नावं तीससुद्धा भरली नाहीत. त्यातल्या बहुतेक जणींची नवरा गेल्यावर लागलेली. माझ्या सासूबाईंचं नाव नव्हतं, माझं तर नव्हतंच. मला त्यात काही वेगळं वाटलं नाही. जे वहीत होतं ते मी उतरवत गेले.

तर मावशी. नवरा जाऊन वर्ष झालेलं, दोन्ही मुली लग्न होऊन गेलेल्या. घर अजून सासऱ्यांच्याच नावावर. सासऱ्यांना दोन मुलगे, एक मावशींचे मालक आणि दुसरा त्यांचा दीर. मुलीकडून लिहून घेतलेला अर्ज मावशींनी पदरातून काढून माझ्या टेबलावर ठेवला. "बाई, माझं नाव लावायचंय." भाऊसाहेब त्या दिवशी नव्हते. मी म्हटलं, "ठेवून जा, पुढच्या आठवड्यात बघू." आवकच्या वहीत नोंद केली नाही. नंबर टाकला नाही. पोच दिली नाही. मुद्दाम नव्हे हो. समोर घरपट्टी भरायला चार माणसं उभी होती, सर्वर बंद होता, आणि पोच कुणी मागतच नव्हतं.

पुढच्या आठवड्यात मावशी आल्या, तर भाऊसाहेब दुसऱ्या गावात. मग मी म्हटलं, सोमवारी या. असे चार सोमवार झाले. अर्ज ड्रॉवरमध्येच, पाणीपट्टीच्या पावती पुस्तकाखाली.

तेवढ्यात दिरांचा अर्ज आला. आपण एकटेच वारस, असं त्यात लिहिलेलं. त्यांनी पोच मागून घेतली. त्यांना ठाऊक होतं. हरकतीची नोटीस मीच टाइप केली आणि अप्पांनी ती बाहेरच्या फळ्यावर लावली. रेशनच्या दिवशी मावशी त्याच फळ्याखाली ओट्यावर बसलेल्या होत्या. त्यांना वाचता येत नाही. मी खिडकीतून बघितलं आणि बाहेर गेले नाही. रात्री सासऱ्यांपाशी विषय काढला होता. ते म्हणाले, "भावकीतलं आहे, आपल्याला काय करायचंय?" मलाही ते सोयीचं वाटलं. हरकत आली नाही, मासिक सभेत ठराव झाला आणि मालकाच्या रकान्यात दिरांचं एकट्याचं नाव मी माझ्या हातानं टाइप केलं.

कायदा काय म्हणतो, ते मला तेव्हाही माहीत होतं. हिंदू वारसा कायदा १९५६ चा. नवऱ्याच्या वाट्यावर त्याच्या विधवेचा आणि मुलामुलींचा सारखा हक्क. बी.ए. झालेल्या बाईला हे माहीत असून ती गप्प बसली, हे मला लागतं.

घरकुलाच्या यादीत मावशींचं नाव आलं, तेव्हा जागेचा उतारा मागितला. उतारा दिरांच्या नावावर. मावशी माझ्याकडे आल्या. "बाई, मी तर तुमच्याकडं आधी अर्ज दिला होता ना?" दिला होता. पण त्याला नंबर नव्हता, तारीख नव्हती, शिक्का नव्हता. कागदावर मावशी त्या ऑफिसात कधी आल्याच नव्हत्या. नवे भाऊसाहेब आले, मुलीच्या नवऱ्यानं तक्रार केली, भावकीच्या दोन बैठका झाल्या. तीन वर्षांनी मागची एक खोली आणि परड्यातली थोडी जागा त्यांच्या नावावर लागली. घरकुल मात्र पुढच्या यादीवर गेलं. पत्र्याच्या त्या एका खोलीत त्यांनी किती पावसाळे काढले, ते मी मोजलेले नाहीत.

२०१५ संपताना संग्राम संपलं. पुढे दुसऱ्या नावानं केंद्रं सुरू झाली, पण मी परत गेले नाही. काहींना वाटतं मानधनाला कंटाळले. ते तर होतंच.

आता कामाचं ऐका. ग्रामपंचायतीत कुठलाही अर्ज न्याल, तर दोन प्रती न्या. एक त्यांना, आणि दुसरीवर आवक नंबर, तारीख, सही, शिक्का. "भाऊसाहेब नाहीत" असं म्हणाले, तरी आवकची वही तिथंच असते, हे मी सांगतेय, मी त्या वहीशेजारी बसलेली आहे. जन्म-मृत्यूचा दाखला, नमुना ८ चा उतारा अशा कामांना २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्यानं मुदत ठरवून दिलीय, आणि मुदत उलटली तर अपील करता येतं. पण ती मोजायची कुठून? पोचेवरच्या तारखेपासून. तिथं बसलेल्या मुलीवर मात्र ओरडू नका. तिचंही मानधन थकलेलं असेल. नुसतं म्हणा, "ताई, एवढा शिक्का मारून द्या." बहुतेक वेळा देतात.

दुसरं, आपापल्या घराचा नमुना ८ काढून बघा. नवरा-बायको दोघांच्या नावानं घराची नोंद करावी, असा शासन निर्णय २००३ मध्येच निघालाय. आमच्याकडे त्यासाठी दोघांच्या सहीचा अर्ज घेतात. माझ्या घरात हा विषय काढायला मला सहा महिने लागले, म्हणून तुम्हाला लगेच जमेल असं म्हणत नाही. ह्यांनी सही केली ती चहा पिता पिता, काही न बोलता. सासरे दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. ग्रामसभेच्या आधी महिला सभा असते, तिथं चार जणींनी मिळून विषय मांडला तर तो सोपा जातो. तो प्रोसिडिंगमध्ये लिहून झालाय ना, तेवढं बघूनच उठा.

मावशी आता आमच्या गटात आहेत. महिन्याला शंभर रुपये भरतात. मीटिंग संपते, सतरंजी गुंडाळली जाते, पण पासबुकात आकडा आणि माझी सही पडल्याशिवाय त्या उठत नाहीत. परवा मी म्हटलं, "मावशी, माझ्यावर अजून विश्वास नाही होय?" त्या म्हणाल्या, "तुझ्यावर आहे गं. पण तू लिही आधी."

येत्या ग्रामसभेआधीच्या महिला सभेला आमच्या गटांतल्या अकरा जणी नाव लावायचे अर्ज घेऊन जाणार आहेत. बावीस प्रती काढून ठेवल्यात. तुमच्या गावात कुणाला नमुना दाखवायला हवा असेल, तर गटाच्या मीटिंगला या, मी घेऊन येते.